घर कोणी पेटवलं यापेक्षा कडी कोणी लावली

रहस्यकथा मी शाळेत असल्यापासून वाचत आलेय. त्यात कुठे घराला आग लागली की पुढचं ठरलेलंच असतं, राखेला रॉकेलचा वास येतो, डिटेक्टिव्ह वाकून हुंगतो, "घातपात" म्हणतो आणि तिथून पुढे आग गोष्टीतून गायबच होते, उरतो तो इस्टेटीचा वाद आणि मृत्युपत्र. मला हे कायम खटकत आलंय. आत माणसं मेलीत ना. ती कशी मेली, किती वेळात मेली, त्यांना बाहेर का पडता आलं नाही, याचं कोणाला काही पडलेलंच नसतं. म्हणून स्वतः कादंबरी लिहायला घेतली तेव्हा बाकी काहीच ठरलं नव्हतं, फक्त एवढं नक्की होतं की या पुस्तकात आग शेवटपर्यंत राहणार आणि तपास आगीचाच होणार. ते करताना काय काय वाचावं लागलं आणि त्यामुळे गोष्ट कशी कशी वळत गेली ते इथे लिहितेय, असल्या विषयावर लिहू बघणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सांगाडा असा. दुमजली घर, मध्यरात्रीनंतरची आग, दोन मृत्यू. खाली हॉलमध्ये घरातला मोठा मुलगा, वरच्या मजल्यावर म्हातारी आई. वाचला तो धाकटा, तोही वरच्याच मजल्यावर, आईच्या समोरच्या खोलीत, आणि त्याच्या अंगावर साधा फोडसुद्धा नाही. तपास करणारी एक बाई आहे, आगीचं कारण शोधणं हेच तिचं काम. तिच्या आधी तिथे पोचलेला एक जुना अधिकारी आहे, त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलंय की धाकट्यानेच पेटवलं. (पात्रांची नावं इथे मुद्दाम देत नाहीये.)

पहिलं काम म्हणजे आग रचणं. खून असलेल्या कादंबरीत लेखकाला खून कसा झाला ते आधी माहीत असावं लागतं, तसंच इथे आग मिनिटामिनिटाला कुठे होती हे मला माहीत असणं भाग होतं, नाहीतर तपास करणारी बाई काय शोधणार? मी घराचा नकाशा काढला, सोफा कुठे, जिना कुठे, कुठलं दार उघडं, कुठलं बंद, वायरिंग कुठून गेलंय, आणि त्याच्या बाजूला मिनिटांचा तक्ता. आणि त्या तक्त्यातच सगळी गंमत आहे हे लवकरच लक्षात आलं, कारण आग आपल्याला वाटते त्या वेगाने जात नाही. फोमच्या गाद्या, सिंथेटिक पडदे, असं आजचं फर्निचर भरलेली खोली आणि पूर्वीसारखं लाकूड-कापसाचं फर्निचर भरलेली खोली अशा दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने तुलना केलीय, आजची खोली चार मिनिटांच्या आत पूर्ण पेटली आणि जुन्या पद्धतीच्या खोलीला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. माझ्या मनात आग म्हणजे हळूहळू पसरत जाणारी, पळायला वेळ देणारी गोष्ट होती. तो वेळ नसतो. एकदा हे डोक्यात बसलं की मग "तो बाहेर का नाही पळाला?" हा जो प्रश्न प्रत्येक शेजारी विचारतो, त्याचं उत्तर वेगळंच व्हायला लागतं.

पूर्ण पेटली म्हणजे काय तर फ्लॅशओव्हर. सोफा जळायला लागला की गरम धूर छताला जाऊन साठतो, तो थर जाड होत खाली येतो आणि तापत जातो, साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की वरून इतकी उष्णता खाली पडते की खोलीतलं जे जे जळू शकतं ते जवळपास एकाच क्षणी पेट घेतं, टेबलाखालची चटई, जमिनीवरचं पायपुसणं, सगळं. माझ्या कादंबरीचा कणा हाच आहे, कारण फ्लॅशओव्हर झाला की जमीनसुद्धा जळते, वेड्यावाकड्या आकारांत जळते, आणि ते आकार हुबेहूब कुणीतरी काहीतरी ओतल्यासारखे दिसतात.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही, यावरून माणसं तुरुंगात गेलीत. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात १९९० मध्ये एका घराला आग लागली, सहा जण मेले. घरातला बाप वाचला म्हणून आणि जमिनीवरचे डाग "ओतल्यासारखे" दिसले म्हणून त्याच्यावर खटला. सरकारी वकिलांच्या बाजूने जे तज्ज्ञ आले, त्यात जॉन लेंटिनी होते, त्यांनी जवळचंच जवळपास तसंच घर घेतलं, तसंच फर्निचर मांडलं, सोफा पेटवला, एक थेंब पेट्रोल न ओतता. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर तेच डाग उमटले. आरोप मागे घेतले गेले. फिर्यादीच्या बाजूने आलेल्या लोकांनी स्वतःचाच मुद्दा प्रयोग करून खोडला, हे मला फार मोठं वाटतं, माझ्या नायिकेचा स्वभाव मला तिथेच सापडला.

दुसरं प्रकरण वाचून मात्र मी बरेच दिवस काही लिहू शकले नाही. टेक्सासमधलं कोर्सिकाना, २३ डिसेंबर १९९१, घराला आग, तीन लहान मुली गेल्या, बाप कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम बाहेर पडला. जमिनीवरचे डाग, काचेवरच्या बारीक तड्यांची जाळी, या खुणांवरून आग लावलेलीच आहे असं तपासनीसांनी छातीठोकपणे सांगितलं. बापाला मृत्युदंडाची शिक्षा झाली. तारखेआधी एका आगतज्ज्ञाने या खुणांना शास्त्रीय आधार नाही असा अहवाल दिला, तो अधिकाऱ्यांपर्यंत पोचला, काही झालं नाही, १७ फेब्रुवारी २००४ ला विलिंगहॅमला मृत्युदंड दिला गेला. पुढे आणखीही तज्ज्ञांनी तेच सांगितलं. त्या काचेचंच बघा, जाळीदार तडे म्हणजे आग फार झपाट्याने तापली म्हणजे काहीतरी ज्वालाग्राही वापरलं, अशी वर्षानुवर्षं समजूत होती. १९९१ मध्येच कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणव्याने घरं जळाली, तिथे कोणी घराघरात जाऊन पेट्रोल ओतलं नव्हतं, तरी जळक्या घरांत तशाच काचा मिळाल्या. तापलेल्या काचेवर अचानक पाणी पडलं की अशी जाळी पडते. म्हणजे बंबवाल्यांनी मारलेल्या पाण्याची खूण लोक गुन्हेगाराची खूण म्हणून वाचत होते.

हे वाचल्यावर जुन्या अधिकाऱ्याचं पात्र मला पक्कं दिसायला लागलं. त्याला लाचखाऊ करणं सोपं होतं, मूर्ख करणं त्याहून सोपं, पण मग सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर गेलं असतं. माझा अधिकारी प्रामाणिक आहे, त्याने खूप आगी बघितल्यात, ज्युनिअर त्याला मानतात, मेलेल्या माणसांबद्दल त्याला खरंच कळवळा आहे. आणि म्हणूनच तो इतक्या खात्रीने बोलतो. २००५ मध्ये लास व्हेगासला एका प्रशिक्षणात दोन खोल्या पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर जेमतेम दोन मिनिटं जळू दिल्या आणि ५३ तपासनीसांना विचारलं, खोलीच्या चार भागांपैकी कुठल्या भागात आग सुरू झाली? प्रत्येक खोलीच्या वेळी बरोबर सांगणारे ३ निघाले. हा प्रसंग मी कादंबरीत त्या अधिकाऱ्याच्या तोंडावर फेकायला वापरला नाही, नायिका तो स्वतःला सांगते, रात्री, अहवाल लिहायला बसण्याआधी.

मग आले मृतदेह. हा भाग टाळता येत नाही आणि टाळूही नये.

आगीत सापडलेल्या माणसाबद्दलचा सगळ्यात जुना प्रश्न म्हणजे तो आगीने मेला की मेल्यावर आग लावली? चीनमध्ये यावर फार जुनी एक गोष्ट सांगतात, वू राज्यातल्या झांग ज्यू नावाच्या न्यायाधिकाऱ्याची. नवरा घरासकट जळाला, बायको म्हणाली अपघात. त्याने दोन डुकरं आणवली, एक आधी मारलं, एक जिवंत ठेवलं, दोन्ही लाकडांच्या ढिगात जाळली. जिवंत जळालेल्याच्या तोंडात राख मिळाली, मेलेल्याच्या नाही. नवऱ्याच्या तोंडात राख नव्हती. पुढे १२४७ मध्ये सोंग त्स याने तपासाचा जो ग्रंथ लिहिला त्यातही तोंडा-नाकातली काजळी बघा असं सांगितलंय. आजही शवविच्छेदनात पहिल्यांदा हेच बघतात, श्वासनलिकेत काजळी आहे का, आणि जोडीला रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने अडवून ठेवलंय. पन्नास टक्क्यांच्या वर गेलं तर मृत्यूला तेवढं कारण पुरतं असं साधारण धरतात, पण म्हातारं माणूस, हृदयाचा त्रास असलेलं माणूस त्याच्या बरंच खालीसुद्धा जातं.

रहस्यकथेत याचा वापर एकाच पद्धतीने होतो, कार्बन मोनॉक्साइड कमी म्हणजे आधीच खून. मला इथे थांबून नीट वाचावं लागलं, आणि कळलं की तेही इतकं सरळ नाही. जिथे भडका उडतो तिथेच जो सापडतो, त्याला धूर भरपूर ओढायला वेळच मिळत नाही, तो जिवंत असूनही त्याच्या रक्तातलं प्रमाण कमी निघू शकतं. उलट आगीपासून लांब, धुरात बराच वेळ अडकलेल्या माणसाचं प्रमाण प्रचंड वाढतं. माझ्या घरात दोन्ही माणसं होती! हॉलमध्ये मोठा मुलगा आणि वर बंद खोलीत आई. हे जुळलं त्या दिवशी कादंबरीचा सगळा नकाशाच पालटला.

मोठ्याच्या देहावर मी एकेक खूण अशी ठेवली की ती धाकट्याकडे बोट दाखवेल. कोपरं वाकलेली, मुठी वळलेल्या, मारामारीच्या पवित्र्यात असल्यासारखा देह. जुना अधिकारी म्हणतो, बघा, भावाशी झटापट झाली. कवटीला तडा, आत साकळलेलं रक्त. डोक्यात काहीतरी घातलंय. कार्बन मोनॉक्साइड कमी. म्हणजे आगीआधीच मेलेला. तिन्ही मिळून खुनाची केस उभीच राहते. आणि तिन्ही गोष्टी नुसत्या आगीनेही होतात. स्नायू तापून आखडतात म्हणून हातपाय वाकतात, मेल्यावरसुद्धा. कवटी उष्णतेने तडकते, आत रक्त साकळतं, ते रंगाने पोताने मारहाणीतल्या रक्तापेक्षा वेगळं असतं, चॉकलेटी, सच्छिद्र, आणि अनुभवी डॉक्टर ते ओळखतात. श्वासनलिकेत थोडी का होईना काजळी होती, म्हणजे तो श्वास घेत होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरबाई हे सगळं नायिकेला समजावतात ते प्रकरण मी पुन्हा पुन्हा लिहिलं कारण त्यात माहिती जास्त झाली की समोर माणूस पडलाय हे विसरायला होतं, आणि ते मला नको होतं. शेवटी डॉक्टरबाईंना मी प्रत्येक वेळी "बॉडी" ऐवजी "हा मुलगा" म्हणायला लावलं. तेवढ्याने प्रकरण बसलं.

इथे एक आठवण येतेच, लाक्षागृह. लहानपणी ऐकलेली ती गोष्ट मी या निमित्ताने परत नीट वाचली. घरच मुळात लाख, तूप, ताग असल्या जळाऊ वस्तूंनी बांधलेलं, विदुराची सूचना, आतून खणलेलं भुयार. आणि आगीनंतर लोकांनी काय पाहिलं? एक बाई आणि पाच पुरुष जळून मेलेले. आकडा जुळला, सगळ्यांनी मान्य केलं की कुंती आणि पांडव गेले. ती निषादी आणि तिचे पाच मुलगे कोण होते हे कोणी विचारलंच नाही. ओळख पटवायची म्हणजे नुसता आकडा जुळवायचा नसतो, हे नायिकेच्या कामातलं पहिलं सूत्र मी तिथून घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्या सहा जणांसाठी आजवर कोणी तपास केला नाही याचं मला वाईट वाटतं.

लॅबचा भाग मी पटकन उरकलाय, पण दोन-तीन गोष्टी लिहिणाऱ्यांनी पाळाव्यातच. जळका गालिचा, लाकूड असे नमुने घट्ट झाकणाच्या स्वच्छ पत्र्याच्या डब्यात किंवा खास पिशवीत घेतात, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकले तर पेट्रोल-रॉकेलची वाफ निघून जाते. संशयाच्या जागेशिवाय दुसऱ्या कोपऱ्यातला तुलनेसाठीचा नमुना घ्यावाच लागतो, कारण आजकालचे गालिचे आणि फोम जळताना स्वतःच अशी रसायनं सोडतात की मशीनच्या आलेखात ती पेट्रोलमधल्या घटकांसारखी दिसू शकतात. आणि पेट्रोल-रॉकेल हुंगायला शिकवलेल्या कुत्र्याने एखाद्या जागी बसून खूण केली म्हणजे पुरावा झाला असं नाही, लॅबने दुजोरा दिला तरच. हे सगळं मी एका छोट्या प्रकरणात बसवलं आणि पुढे गेले, मला जिथे थांबायचं होतं ती जागा वेगळीच होती.

ती जागा म्हणजे दार.

ओळखीतून एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्यांशी गाठ पडली. काकांनी मला प्रशिक्षणासाठी ठेवलेलं एक जळकं दार दाखवलं. लांबून नुसता कोळसा. जवळ गेल्यावर कोळशाला खवले पडलेले दिसतात, मगरीच्या पाठीसारखे, आणि या खवल्यांच्या आकारावरून, चकाकीवरून आग कशाने लागली हे सांगायचीही एक जुनी पद्धत होती जी आता टिकत नाही. पण काकांनी मला बिजागरीपाशी वाकायला लावलं. बिजागरीची एक पट्टी त्यांनी आधीच काढून ठेवली होती, तिच्याखाली लाकूड चक्क पिवळसर, नवं असल्यासारखं, स्क्रूची भोकंसुद्धा स्वच्छ. आणि दाराची जी कड चौकटीला टेकते ती पूर्ण काळी, जळलेली. "आता सांगा, आगीच्या वेळी दार उघडं होतं की बंद?" मी म्हटलं उघडं, बंद असतं तर कड वाचली असती. ते म्हणाले बरोबर, आणि हे दार जबानीत बंद होतं. एवढंच बोलले. मी घरी येऊन तीन पानं एका बैठकीत लिहिली.

बंद दाराचं महत्त्व आकड्यांत सांगते. प्रयोगांत असं दिसलंय की आग बाहेर भडकलेली असताना दार उघडं असलेल्या खोलीत तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्याच घरात दार लावलेल्या खोलीत ते ४० च्या आसपास राहू शकतं. साधं लाकडी दार! धाकटा वाचला तो एवढ्यामुळे. त्याच्या दाराची कड स्वच्छ होती, खोलीची खिडकी उघडणारी होती, शिडी लावून त्याला काढलं. त्याच्याविरुद्धचा शेवटचा मुद्दाही तिथेच गळाला.

पण आईचंही दार बंदच होतं. मग ती का गेली? तिच्या खिडकीला गज होते आणि दाराला बाहेरून सरकती कडी.

ही कडी मला कथेच्या मध्यावर सुचली आणि नंतर सगळी कादंबरी तिच्याभोवती फिरवावी लागली. आगीनंतर कडी उघडीच सापडते, त्यामुळे कोणाचं तिकडे लक्षच जात नाही. नायिका ती कडी पुढे सरकवून बघते. कडीच्या दांड्याला सगळीकडे काजळी, फक्त टोकाकडचा बोटाच्या पेराएवढा भाग चकचकीत. तो भाग आगीच्या वेळी चौकटीवरच्या खाचेत होता, धूर पोचला नाही. म्हणजे आग लागली तेव्हा कडी लावलेली होती. मग उघडली कोणी? आत शिरलेल्या बंबावरच्या जवानाने, धुरात, जाड हातमोज्यांतून चाचपत, दार ढकललं, नाही उघडलं, हाताला काहीतरी लागलं ते सरकवलं, आत गेला. त्याला आठवतसुद्धा नाही. त्या जवानाची जबानी हे माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे. त्यात तो चुकलेला नाही, त्याने योग्य तेच केलं, पण आपण काय उघडलं हे त्याला नायिकेकडून कळतं.

आईच्या खोलीत आणखी एक खूण आहे. दाराच्या फटीलगत जमिनीवर काजळी नसलेला एक लांबट पट्टा, आणि जवळच काळी पडलेली चादर. तिने चादर गुंडाळून फटीत भरली होती. जागी होती ती, शुद्धीत होती आणि अगदी योग्य तेच करत होती. त्यामुळे धूर हळू आत आला, त्यामुळे ती जास्त वेळ जगली, त्यामुळे तिच्या रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण मोठ्या मुलापेक्षा कितीतरी जास्त निघालं. हे लिहिताना हात थांबत होता. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आधी डोकं दुखतं, मग गोंधळायला होतं, पायातलं बळ जातं. तिच्या मनात काय चाललं असेल हे लिहायचा मोह मी टाळला. तिच्या खोलीत मी शिरलेच नाही, फक्त नायिका जे मोजू शकते, पट्टा किती लांब, चादरीची घडी कशी, गादीपासून दार किती पावलं, तेवढंच लिहिलं. वाचकाला बाकीचं समजतं.

आता वादाचा मुद्दा. हॉलमधली आग लागली कशाने? तपासात एक पद्धत होती, विजेचं नाही, गॅसचं नाही, सिगारेटचं नाही, म्हणजे उरलं काय तर लावलेली. आग तपासाची अमेरिकेतली जी मार्गदर्शिका आहे, एनएफपीए ९२१, १९९२ मध्ये पहिल्यांदा निघालेली, तिच्या २०११ च्या आवृत्तीने ही पद्धत स्पष्ट नाकारली. दुसरं काही सापडलं नाही म्हणून लावलेली, हा पुरावा नाही, तिथे "कारण अनिश्चित" असंच लिहायचं. माझी नायिका तेच लिहिते. सोफ्याच्या एका टोकाला सुरुवात झाली इथपर्यंत ती जाते, त्याच्या मागून गेलेल्या वायरवर तांब्याचे वितळून झालेले मणी सापडतात, पण शॉर्टमुळे आग लागली की आगीमुळे वायरचं आवरण जळून शॉर्ट झालं हे तिला त्या मण्यांवरून सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते ती सांगत नाही.

ज्यांनी ज्यांनी हस्तलिखित वाचलं त्यातल्या बऱ्याच जणांनी इथे कपाळाला हात लावला. रहस्यकादंबरी आणि आग कशाने लागली तेच कळत नाही? एका मैत्रिणीने तर मला सरळ सांगितलं, अगं वाचक पुस्तक फेकून देतील. मी यावर खूप विचार केला आणि ते बदललं नाही. सगळं गाव जो प्रश्न विचारतंय, कोणी पेटवलं, त्याचं उत्तर मिळत नाही. ज्याचं उत्तर मिळतं तो प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता, की त्या बाईच्या दाराला रात्री बाहेरून कडी का होती? आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर वाचक शांत झोपू शकत नाही. माझ्या मते रहस्य पुरेपूर उलगडतं. फक्त ते आगीत नसतं, घरात असतं, आग लागायच्या कितीतरी आधीपासून.

कडी कोणी लावली ते इथे नाही सांगणार. एवढं सांगते की आईला विसरायचा आजार होता, रात्री उठून ती बाहेर चालू लागायची, आणि कडी तिच्या काळजीपोटी बसवलेली होती. बसवणारा एक, रोज लावणारा दुसरा, त्या रात्री लावणारा तिसराच. तिघांपैकी कायदा कोणाला काय म्हणेल आणि नायिका कोणाला काय म्हणेल यात फरक आहे.

काकांनी हस्तलिखित वाचून पेन्सिलने खुणा करून दिल्या, त्या फार मोलाच्या ठरल्या. पहिल्या मसुद्यात माझी नायिका पोचते तेव्हा हॉल जसाच्या तसा जळालेला. काका म्हणाले, असं कधी मिळत नाही. आग विझली की आमचीच माणसं सोफा उचलून अंगणात टाकतात, छत उकरतात, कुठे निखारा राहू नये म्हणून, आणि पाणी तर गुडघाभर. तुमच्या बाईला सोफा आधी अंगणातून परत जागेवर ठेवता आला पाहिजे. मग मी ते प्रकरण नव्याने लिहिलं, जमिनीवर सोफ्याच्या पायांखाली राहिलेल्या न जळलेल्या गोल ठशांवरून ती सोफा कुठे आणि कुठल्या तोंडाने होता ते जुळवते. आता ते पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं झालंय. दुसरी खूण धुराच्या अलार्मवर होती. वरच्या पॅसेजमधला अलार्म वाजला की नाही यावर दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात असं मी ठेवलं होतं आणि तसंच सोडून दिलं होतं. पण अलार्म धुरात वाजत असेल तर आवाज जिथून निघतो त्या भोकाभोवती काजळीचं विशिष्ट कडं जमतं, ते बघता येतं. आता नायिका तो अलार्म उघडून बघते आणि एक साक्षीदार खोटं बोलतोय हे तिथेच कळतं. कोण ते ओघाने आलंच.

सध्या शेवटच्या भागावर काम चालू आहे. नायिकेचा अहवाल जसाच्या तसा छापायचा असं ठरवलंय, कोरड्या सरकारी भाषेत, कलमवार, उगमस्थान, कारण, मृत व्यक्ती, निरीक्षणं. "कारण: अनिश्चित" हे त्यात येईलच. कडीबद्दलचं निरीक्षण मात्र मी कुठल्या कलमात टाकू यावर काकांशी अजून चर्चा चालू आहे, त्यांच्या मते ते आगीच्या अहवालात बसतच नाही, वेगळ्या कागदावर पोलिसांकडे जायला हवं, आणि माझं म्हणणं की नायिका ते याच अहवालात घालणार, पहिल्या पानावर, वरिष्ठांनी काढायला सांगितलं तरी.